राखणीला कोण बसणार, आपा?

आपा, ती परत उगवलीय. सालईखालची अळंबी.

परवा सकाळी कौसल्या सीताफळाची झाडं बघायला दरीत उतरली होती, तिला दिसली. धापा टाकत आपल्या संस्थेच्या गाळ्यावर आली आणि दारातूनच म्हणाली, "मंगलताई, आपाची अळंबी आलीय." आपाची. इतक्या वर्षांत त्या अळंबीला कुणी नाव दिलं नव्हतं, कौसल्यानं एका दमात देऊन टाकलं. मग आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. असली बातमी आली की आधी तुला हाक मारायची, ती सवय अजून गेलेली नाही. तुझा चाळिसावासुद्धा व्हायचाय अजून.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या दारात कुणीतरी पाहुण्या बाईनं मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण. मी म्हणलं, मी त्यांच्याशी भांडायची. तिला वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलंय. पण दुसरं काय सांगणार होते? तू धारूरच्या फळवाल्यांची सून, मी डोंगराखालच्या गावातली. बायकांनी रानातनं सीताफळं वेचून आणायची, तू प्रत निवडायचीस, मी काटा धरायची. तू संस्थेची अध्यक्ष, मी सचिव, आणि आपली एक बैठक भांडणाशिवाय उठली असेल तर शपथ. तू म्हणायचीस, "मंगलच्या जिभेला सुट्टीच न्हाई." खरं होतं ते. पण तुझ्या जिभेलाही फार सुट्ट्या होत्या असं नाही.

आपली ओळख झाली ती राखणीवरनं. तुला तेव्हा आमच्याकडची ही रीत माहीत नव्हती. रानातली अळंबी शिजली की घरातलं एक मोठं माणूस ती खात नाही. बाकीचे जेवतात, आणि ते माणूस दाराशी बसून राहतं. दुसऱ्या दिवशीची न्याहारी होईपर्यंत त्यानं अळंबीला तोंड लावायचं नाही. कुणाच्या पोटात कळ उठली, कुणाला भोवळ आली, तर दवाखान्यात न्यायला एक तरी माणूस धडधाकट पाहिजे. संस्थेच्या पहिल्या पावसाळ्यात बायकांनी वारुळावरची पांढरी अळंबी ओटीत भरून आणली, गाळ्यामागं चूल मांडली, आणि वास असा सुटला की राखणीला बसायला कुणी तयार होईना. सगळ्या एकमेकींना पुढं ढकलायला लागल्या. तू म्हणालीस, "मला रोजा हाय. मी बसते. तुमी खावा बिनघोर."

त्या साली रमजान पावसाळ्यात होता, ठीक आहे. पुढं रमजान सरकत सरकत उन्हाळ्यात गेला, तरी अळंबी शिजली की दाराशी तूच. मी एकदा विचारलं, "आपा, तुला अळंबी आवडत न्हाई का?"

"लई आवडते."

"मग बसतीस कावून?"

"चुप जेव. थंड होतंय."

एवढंच. तुला जे सांगायचं नसायचं ते तू अशी आमच्याच ताटाखाली सरकवून द्यायचीस.

मग ते टँकरचं साल आलं. त्या सालाबद्दल आपण दोघी पुढं फारसं बोललो नाही, पण आज बोलायचं आहे. झाडांवर सीताफळं लिंबाएवढी होऊन वाळून गेली. गाळ्यात फळ नाही, काट्याला वजन नाही, जनावरं छावणीत. संस्थेच्या निम्म्या बायकांच्या दारात मुकादम येऊन बसायला लागले होते. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर निघणार, ऊस तोडायला जायचं, लेकरांची शाळा सुटणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि भादव्यात एकच पाऊस पडला. एक दिवस, एक रात्र, धो धो. पुन्हा ऊन.

त्या पावसानंतर सालईखाली ती उगवली. जुन्या सालईच्या बुंध्याभोवती, पाचोळा उचलून धरत, टोपलंभर नाही, पोतंभर. गावातल्या जुन्या बायकांनाही ती कधी पाहिलेली आठवत नव्हती. फिकट, सायीच्या रंगाची, मधोमध जरा राखाडी, आणि वास भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखा. कौसल्यानं पाटी भरून गाळ्यावर आणली. परळीच्या एका भाजीवाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की अळंबी असंल तर कितीबी आणा. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरले नाही. तिला वाटत होतं की औंदा कोयता उचलावा लागत नाही.

मग चांदीची परीक्षा. भांड्यात अळंबीबरोबर जोडवं टाकायचं, काळं पडलं तर विषारी. जोडवं माझंच घेतलं. ते पांढरं स्वच्छ निघालं आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. तू एक अळंबी हातात घेतलीस, नाकाजवळ नेलीस, आणि तुझे डोळे भरले. "ही माझी नानी करायची," तू म्हणालीस. "धर्मापुरीला. पातळ रस्सा करायची लाल मिरचीचा. हाच वास."

झालं, आता काय राहिलं. कौसल्यानं पाटी उचललीसुद्धा. आणि तू म्हणालीस, "पर विकायची न्हाई."

"कावून?" कौसल्या ओरडली. "आत्ता तर म्हणला नानी करायची."

"मला तसं वाटतंय. मी तवा एवढीशी होते. मला वाटतंय म्हणून लोकाच्या ताटात घालू का?"

माझं म्हणणं वेगळंच होतं, ते तुला माहीत आहे. मला ती अळंबी पहिल्यापासून आवडली नव्हती. इतकी देखणी वस्तू दुष्काळात फुकट उगवते म्हणजे तिच्यात काहीतरी गोम असणार, हे माझं मत. तू म्हणायचीस खायची, मी म्हणायची विषारी, आणि विकायची नाही यावर मात्र आपलं एकमत. असलं भांडण जगात दुसरं कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

शेवटी ठरलं, कृषी कॉलेजातल्या सरांना दाखवायची. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि दोघी एस्टीनं गेलो. ते सर भले माणूस. त्यांनी वरून बघितलं, खालच्या पात्या बघितल्या, वास घेतला. मग म्हणाले, "बूड कुठंय?"

आपण एकमेकींकडं बघितलं. बूड नव्हतंच. आमच्या बायका अळंबी मातीच्या वर खुडतात. वारूळ म्हणजे नागोबाचं घर, पावसाळ्यात त्याच्या आसपास खुरपं लावायचं नाही. ती सवय हाताला अशी बसलेली की सालईखाली वारूळ नसतानाही कौसल्यानं पाटीतली सगळी वरच्या वर खुडली होती. तुला खुरपं लावायला कसलीच अडचण नव्हती. पण इतकी वर्षं आमच्यात राहून तुझ्या हातालाही आमचीच सवय लागली होती. सरांना दाखवायला तू स्वतः दरीत जाऊन खुडलेलीही बिनबुडाचीच होती.

सरांनी समजावून सांगितलं. वारुळावरचीला खाली लांब मुळी असते, ती थेट वारुळात जाते. दुसरी एक असते, तिच्या बुडाशी पांढरी वाटी असते, अंड्याच्या टरफलासारखी. "वाटी असली म्हणजे दरवेळी विषारीच असं नाही," ते म्हणाले. "पण वाटी असलेली मी माझ्या घरात शिजवू देणार नाही. बूड बघितल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही, आणि नुसता अंदाज सांगणार नाही."

तू त्यांना मोठ्या अभिमानानं म्हणालीस, "आमी राखणीला माणूस बसवतो." त्यांनी विचारलं ते काय असतं. तू सगळं सांगितलंस. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चांगली रीत आहे," ते म्हणाले. "पण त्या वाटीवालीचं विष तसं कळत नाही. उलट्या होतात, जुलाब होतात, मग माणसाला बरं वाटतं, उठून कामालाही जातो. आणि त्यानंतर लिव्हर जातं. तोवर तुमचा राखणदार जागा सोडून गेलेला असतो."

परतीच्या एस्टीत तू एक शब्द बोलली नाहीस. माझ्याशी न बोलता तू इतका वेळ बसलीस असं त्याआधी झालं नव्हतं.

आपण गाडीतनं उतरून तशाच दरीत गेलो. पण उन्हानं सगळी विरघळून काळा चिखल झाला होता. वर काही नाही, खाली काही नाही. खोदलं तरी बोटाला नुसता लगदा. राहिली होती ती गाळ्यावर पाटीत, बिनबुडाची.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ली द्यायला गाळ्यावर आले, तर मागच्या चुलीवर लहान कढई. मीठ, लाल मिरची, पातळ रस्सा. तू ताट घेऊन बसलेली, एकटी. दाराशी कुणी नाही.

"काय करतीस?"

"मी खाते. चार दिवस लक्ष ठेव माझ्यावर. जगले तर बायकांना सांगू, पुढच्या पावसाला ही विकायची."

"आणि न्हाई जगलीस तर?"

"तर कळंल."

मला आठवतं, मी काही बोललेच नाही. माझ्या जिभेला ती एकच सुट्टी. कढई उचलली, बोटं भाजली, आणि मागच्या उकिरड्यावर उपडी केली. ताटातलंही ओतलं. वर राख टाकली. तू उठून उभी राहिलीस आणि गड्यांसारखी ओरडलीस, "कावून फेकलंस बे?" तुझ्या तोंडून 'बे' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दिवाळीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. गाळ्यावर समोरासमोर बसून कौसल्याच्या मार्फत निरोप द्यायचीस, "त्यांना म्हणावं खिडकी लावा."

मग कौसल्याही गेली. ट्रॅक्टरवर चढताना तिनं वळून तुझ्याकडं बघितलं. तू तिच्या लेकरांसाठी भाकरी बांधून आणल्या होत्यास. भाकरी तिनं घेतल्या, आणि म्हणाली, "आपा, तुमच्या शंकंपायी आमी चाललो." वाईट बाई नाही ती. दोन लेकरं ट्रॅक्टरवर आणि म्हातारी सासू गावात, तेव्हा कुणाच्या तोंडून काय निघेल. पण ते वाक्य तुझ्या अंगावरनं कधी उतरलं नाही.

त्यानंतर किती पावसाळे आले. तू दरवर्षी सालईखाली जाऊन बघायचीस. वारुळावरची उगवायची, ती काही यायची नाही. आणि तू मधूनच, काही संबंध नसताना, सीताफळ हातात फिरवत विचारायचीस, "मंगल, खायची असती तर?"

मी म्हणायची, "विषारी होती."

"तुला काय म्हाईत?"

"मला म्हाईत हाय."

"तू बूड बघितलंस?"

इथं मी काटा पुसायला घ्यायची. दवाखान्यात मी सलाईन लावून पडले होते तेव्हाही तू उशाशी बसून हेच विचारलंस. मी डोळे मिटून घेतले तर म्हणालीस, "झोपल्याचं सोंग नको, उत्तर दे." इतक्या बायकांची एक-एक दिवाळी उसाच्या फडात गेली, ती खरोखर कुणाचा जीव वाचवण्यासाठी गेली की तुझ्या एका शंकेसाठी, हे तुला कळायला हवं होतं. मी 'विषारी होती' म्हणून तुझं समाधान करायला बघायची आणि तू ते करून घ्यायची नाहीस. दिलासा तुला चालायचा नाही, पुरावा लागायचा. फळ असो की स्वतःचं मन, तू दाबून बघितल्याशिवाय पास करत नव्हतीस.

आषाढात तुझ्या ओट्यावर बसलो होतो ते शेवटचं. पाऊस चांगला लागला होता. तू चहा बशीत ओतत म्हणालीस, "औंदा येईल बघ. माझ्या गुडघ्यानं दरी उतरवत न्हाई. आली तर तू खोद." मी म्हणलं, बरं. मग आपण दुसऱ्याच कशावरनं तरी भांडलो. आणि त्यानंतर एका पहाटे तू नमाजाआधी वजू करायला, हातपाय धुवायला बसलीस आणि उठलीच नाहीस. मला कळलं तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? ती अजून उगवली नाही, असा आला.

परवा उगवली.

मी खुरपं घेतलं. कौसल्या बरोबर आली. सालईजवळ पोचल्यावर तिनं चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि म्हणाली, "खोदा आता." मी गुडघे टेकून बसले. आपा, मला इतकी भीती कशाचीच वाटली नव्हती. खाली नुसती मुळी निघाली असती तर मी तुला काय सांगणार होते? कुठल्या तोंडानं चाळिसाव्याला आले असते?

माती बाजूला केली. पाचोळा, मग ओली काळी माती, मग पांढरं. तुझ्या हातानं करावं तसं हळू केलं, बोटांनी.

वाटी आहे, आपा. अंड्याचं टरफल फोडून त्यातनं उगवावी तशी. दुसरी खोदली, तिलाही वाटी. तिसरी, तिलाही. मग मी खोदणं थांबवलं.

कौसल्या खाली बसली. बराच वेळ वाटीकडं बघत होती. मग म्हणाली, "त्या दिशी मी घरला परातभर नेली हुती. सांजचं कालवण करणार हुते. आपा विकायची न्हाई म्हणल्या, तवा मला असा राग आला की परात तशीच उकिरड्यावर भिरकावली. म्हणलं, विकायची न्हाई तर खायाची तरी कशाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझी दोन्ही लेकरं घरात हुती, ताई." त्यातली थोरली आता स्वतः आई आहे. तुझ्या मातीला आली होती ती, लेकरू कडेवर घेऊन. तुला माहीत असेल.

सरांना फोन केला. आता निवृत्त झालेत, पण आपल्याला विसरले नव्हते. "वाटी आहे?" ते म्हणाले. "मग तुमच्या त्या बाईंनी विकू दिली नाही, ते बरोबरच केलं." मी सांगितलं, त्या बाई आता नाहीत. 

तर मी जिंकले. ऐकलंस का? इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले, आणि सांगायला तू नाहीस, हा कुठला न्याय? तू असतीस तर लगेच हार मानली असतीस असंही नाही. म्हणाली असतीस, "वाटी असली म्हंजे विषारीच असं कुठं म्हणले सर?" म्हण की. ये आणि म्हण. मी सगळी उत्तरं तयार करून ठेवलीत.

आणि एक सांगते, ते तुझ्यासमोर मला कधी सांगता आलं नसतं. ती कढई मी उपडी केली त्या दुपारपासून तू गेलीस त्या पहाटेपर्यंत जेवढी वर्षं मिळाली, तेवढी सगळी मला त्या उकिरड्यावर सापडलेली आहेत. त्यातली अर्धी तू माझ्यावर रागावण्यात घालवलीस. चालेल. मला एकही दिवस कमी नको होता. बोटावरचा भाजल्याचा डाग अजून आहे, आणि परवापासून मी तो सारखी बघते आणि मला बरं वाटतं. ज्या बाईनं स्वतःला जे खाण्यासारखं वाटत होतं तेसुद्धा दुसऱ्याच्या ताटात घालू दिलं नाही, तिच्याबरोबर मी काट्यावर बसले, आणि तिच्या हातचा चहा पिऊन तिच्याशीच भांडले. माझं नशीब लई चांगलं होतं, आपा.

सालईखालची आम्ही तशीच ठेवली. भोवती काटे लावलेत, आणि सगळ्या बायकांना नेऊन वाटी दाखवली. आता आपल्या संस्थेत नवा नियम झालाय: वारुळावरची सोडून दुसरी कुठलीही अळंबी दिसली तर खुरपं लावून बूड बघायचं, आणि वाटी दिसली की विषय संपला. नागोबाची माफी कौसल्या मागते सगळ्यांच्या वतीनं.

आणि आज वारुळावरची आली. तुझ्या आवडीची. बायकांनी गाळ्यामागं चूल मांडली, तुझ्या नानीसारखा पातळ रस्सा केला, लाल मिरचीचा. ताटं वाढली. आणि एकीनं सवयीनं विचारलं, "राखणीला कोण?"

सगळ्या दाराकडं बघायला लागल्या. तुझं बसायचं पोतं तिथंच घडी घालून ठेवलेलं होतं. 

मी उठले आणि जाऊन बसले.

आपा, त्या जागेवर मी आजवर कधीच बसले नव्हते. तिथनं सगळ्यांची तोंडं दिसतात. कौसल्या फुंकर मारून मारून खाते आणि तरी दरवेळी तिची जीभ भाजते. म्हातारी गयाबाई डोळे मिटून चावते. एक जण दुसरीच्या ताटात हळूच आपल्यातला तुकडा टाकते आणि तिकडं बघतही नाही. हे सगळं तू इतकी वर्षं बघत होतीस, आणि मी मात्र दाराकडं पाठ करून जेवत होते.

कौसल्यानं मान वर केली. "मंगलताई," ती म्हणाली, "तुमाला आवडत न्हाई व्हय अळंबी?"

"लई आवडते," मी म्हणलं. "चुप जेव. थंड होतंय."